दंतरक्षणार्थ फ्लोराइड : मात्रेपूर्वी पाण्याची विचारणा

गेल्या हिवाळ्यात एक आजीबाई पाच वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या चिकित्सालयात आल्या. त्यांच्या हातात गोळ्यांची एक विदेशी बाटली होती. अमेरिकेतील मुलगा सुट्टीत घरी आला असता आपल्या मुलाची उरलेली बाटली भाच्यासाठी ठेवून गेला होता. "डॉक्टरसाहेब, दात किडत नाहीत म्हणते याच्यानं. रोज एक देऊ काय जी?" असा त्यांचा प्रश्न. चघळून खाण्याच्या त्या गोळ्यांत जीवनसत्त्वांसह प्रत्येकी ०.५ मि.ग्रॅ. फ्लोराइड होते. मी बाटली बाजूला ठेवली आणि विचारले, "पाणी कुठलं पिता?" त्यांना हा प्रश्न अप्रस्तुत वाटला असावा. उत्तर मात्र आले, "बोअरचं. बारमाही हाय."

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात वैद्यकी करणाऱ्यास या उत्तरानंतर पुढील निर्णय सोपा होतो. परंतु हा प्रश्न विचारण्याची सवय मला पुस्तकातून लागलेली नाही. ती एका चुकीतून लागली. ती चूक येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या हातून ती आजही घडत असावी.

२००९ साली एका खेड्यातील दांपत्य आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलाच्या नव्याने आलेल्या वरच्या पुढील दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे होते. दंतक्षयाच्या प्रारंभी पांढरा डाग पडतो, एवढे ज्ञान माझ्या गाठीशी होते. मी निदान केले कृमिदंताच्या पूर्वावस्थेचे आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट व फ्लोराइडचे माउथवॉश, दोन्ही लिहून दिले. मुलगा माउथवॉश थुंकतो की गिळतो, हे मी विचारले नाही. पाणी कोणते, हेही विचारले नाही. आईच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. तिच्याकडे तर मी पाहिलेही नाही.

सहा वर्षांनी तेच कुटुंब पुन्हा आले. मुलाच्या दातांवरील पट्टे आता तपकिरी झाले होते. कडेवरची ती मुलगी साडेसात वर्षांची झाली होती आणि तिचे वरचे दोन्ही मधले दात भावापेक्षाही अधिक डागाळलेले, जागोजागी टवके गेलेले असे उगवले होते. या वेळी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. फ्लोराइड प्रतिलिटर ३ मि.ग्रॅ.हून अधिक निघाले. मुलाचे डाग माझ्या माउथवॉशमुळे पडले नव्हते. ते दात मजकडे येण्यापूर्वीच घडलेले होते. परंतु त्या दिवशी पाण्याचा प्रश्न विचारला असता, तर त्या मुलीचे दात घडण्याचा काळ अजून पुष्कळसा हाती होता. तो काळ मी वाया घालवला, आणि वर घरात फ्लोराइडच पाठवले.

दोन परस्परविरुद्ध कीर्तींचे एकच द्रव्य

फ्लोराइड हितकर की विषारी, या वादात आपले काही सहकारी एका टोकाला आणि दंतवैद्यक क्षेत्रातील काही मंडळी दुसऱ्या टोकाला उभी दिसतात. या शास्त्राचा इतिहास पाहिला तर दोन्ही बाजू एकाच घटनेतून निघाल्या आहेत. अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याने १९०१ मध्ये व्यवसाय सुरू केला, तेव्हा तेथील रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. त्याचे कारण पाण्यातील फ्लोराइड आहे, हे १९३१ मध्ये निश्चित झाले. याच निरीक्षणांतून दुसरी गोष्ट लक्षात आली, ती अशी की डागाळलेले हे दात किडतात मात्र कमी. पुढे ट्रेंडले डीन यांनी डाग न पडता कीड कमी राहील असे प्रमाण प्रतिलिटर सुमारे १ मि.ग्रॅ. ठरवले आणि १९४५ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास आरंभ झाला. गोळ्या व थेंब हे त्याचेच अपत्य. ज्या गावी नळाचे असे पाणी पोचत नाही, तेथील बालकांना तेवढेच फ्लोराइड तोंडावाटे द्यावे, ही मूळ कल्पना.

भारतात आपला परिचय मात्र उलट दिशेने झाला. तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात १९३७ मध्ये शॉर्ट व सहकाऱ्यांनी पाण्यातील फ्लोराइडमुळे होणाऱ्या अस्थिविकृतीची नोंद केली. म्हणजे एका देशाने पाण्यात फ्लोराइड घालण्याचा विचार केला, त्याच सुमारास आपल्याकडे ते काढावे कसे हा प्रश्न उभा होता. अमेरिकेच्या पाण्यासाठी आखलेले मात्राकोष्टक येथे जसेच्या तसे उचलता येत नाही, त्याचे मूळ येथे आहे.

कार्य कसे घडते

दाताचे बाह्य कवच, म्हणजे एनॅमल किंवा दंतवल्क, हे मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या स्फटिकाचे असते. गोड व पिष्टमय अन्नावर तोंडातील जिवाणू आम्ल तयार करतात. सामू सुमारे ५.५ च्या खाली उतरला की हे स्फटिक विरघळू लागतात. लाळ पुन्हा खनिजे आणून ती झीज भरते. या भरपाईच्या वेळी लाळेत अत्यल्प फ्लोराइड असेल, तर नव्याने बसणारा स्फटिक फ्लोरअ‍ॅपेटाइटसदृश होतो आणि तो सुमारे ४.५ सामूपर्यंत तग धरतो.

यात व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की हे कार्य दाताच्या पृष्ठभागावर घडते. फ्लोराइड पोटात जाऊन, रक्तावाटे न उगवलेल्या दातात शिरून तो बळकट करते, ही जुनी समजूत होती. आज प्रधान कार्य स्थानिक मानले जाते. पेस्टमधील फ्लोराइड जे काम दोन मिनिटांत दातावर करते, त्यासाठी ते गिळण्याची आवश्यकता नाही. गिळलेल्या फ्लोराइडचा परिणाम मात्र घडत असलेल्या दातावर होतो आणि अधिक झाल्यास तो डागांच्या रूपाने कायमचा राहतो. वरच्या मधल्या दातांसाठी सर्वांत नाजूक काळ साधारण १५ ते ३० महिन्यांचा. एकूण धोका आठव्या वर्षापर्यंत. आठ वर्षांनंतर पुढच्या दातांना नवा डाग पडत नाही, परंतु पाणी तेच राहिल्यास अस्थि व सांधे यांची हानी प्रौढ वयात चालूच राहते.

गोळ्या व थेंब यांची मात्रा

ज्या मात्राकोष्टकाचा आधार सामान्यतः घेतला जातो, ते अमेरिकन दंतवैद्यक संघटनेचे २०१० चे आहे. ते केवळ दंतक्षयाची मोठी जोखीम असलेल्या मुलांसाठी आहे, ही अट बहुधा विसरली जाते. सहा महिन्यांखाली काहीही देऊ नये. पाण्यात प्रतिलिटर ०.३ मि.ग्रॅ.हून कमी फ्लोराइड असेल तर सहा महिने ते तीन वर्षे ०.२५ मि.ग्रॅ., तीन ते सहा वर्षे ०.५ मि.ग्रॅ. आणि सहा ते सोळा वर्षे १ मि.ग्रॅ. रोज. पाण्यात ०.३ ते ०.६ असेल तर तीन वर्षांखाली काहीही नाही आणि पुढील दोन वयोगटांत वरील मात्रेच्या निम्मी. पाण्यात ०.६ हून अधिक असेल तर कोणत्याही वयात पूरक नाही. म्हणजे या कोष्टकाचा पहिला स्तंभ वयाचा असला तरी किल्ली पाण्याच्या अहवालात आहे. अहवाल नसेल तर कोष्टकच लागू होत नाही.

येथे औषध विक्रेत्यांसाठी एक खुलासा. लेबलवर कधी सोडियम फ्लोराइडचे वजन छापलेले असते, कधी केवळ फ्लोराइडचे. २.२ मि.ग्रॅ. सोडियम फ्लोराइड म्हणजे १ मि.ग्रॅ. फ्लोराइड. हा फरक न पाहता मात्रा सांगितल्यास ती दुप्पट किंवा निम्मी होते.

या पूरकांचे महत्त्वही आता उतरणीला लागले आहे. २०११ च्या कॉक्रेन समीक्षेत, पूरके न घेणाऱ्यांच्या तुलनेत ती घेणाऱ्या मुलांच्या कायमच्या दातांतील क्षय सुमारे २४ टक्के कमी आढळला. परंतु पेस्ट, वार्निश इत्यादी स्थानिक फ्लोराइडशी तुलना केली असता विशेष अधिक लाभ दिसला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये बालकांसाठीच्या या पोटात घ्यावयाच्या औषधांविरुद्ध पावले उचलण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी, तसेच मोठी असली तरी क्षयाची मोठी जोखीम नसलेल्या मुलांसाठी ती विकू नयेत, असे उत्पादकांना कळवले. ही औषधे दशकानुदशके विकली जात असली तरी त्या प्रशासनाची रीतसर मान्यता त्यांना कधीच नव्हती, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. विदेशी बाटली म्हणजे तपासून आलेली बाटली, असे समजू नये. गर्भिणीने फ्लोराइड घेतल्याने होणाऱ्या अपत्याचे दात सुधारतात, असेही सिद्ध झालेले नाही.

आपल्या भूमीतील पाणी

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या खडकात फ्लोराइडयुक्त खनिजे अल्प. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्र व कोकणातील विहिरी, तसेच नद्या व तलावांवर अवलंबून असलेली शहरे, यांच्या पाण्यात ते सामान्यतः कमी असते. राज्याच्या पूर्व व आग्नेय कडेला, जेथे ग्रॅनाइट व नीस यांसारखे प्राचीन खडक वर येतात, तेथे चित्र पालटते. नांदेडमधील किनवटचा परिसर, यवतमाळमधील पांढरकवडा व झरी जामणी, तसेच चंद्रपूर जिल्ह्याचा काही भाग ही परिचित उदाहरणे. पाणी जितके खोल व जितका काळ खडकात मुरलेले, तितके फ्लोराइड उतरण्यास वाव अधिक. पाणी क्षारधर्मी व त्यात कॅल्शियम कमी असेल तर आणखी अधिक. उथळ विहीर सुरक्षित आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरील विंधन विहीर बाधित, असे एकाच गावात आढळते. म्हणून जिल्ह्याचे नाव ऐकून निष्कर्ष काढू नये. स्रोत तपासावा.

दुष्काळात उथळ विहिरी आटल्या, हातपंप व बोअर वाढले. जंतुदोषाच्या दृष्टीने ते पाणी अधिक शुद्ध, म्हणून आपणच रुग्णांना ते पिण्याचा सल्ला दिला. त्या सल्ल्यात चूक नव्हती, अपूर्णता होती.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर १ मि.ग्रॅ. असून अन्य स्रोत नसल्यास १.५ पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडाही १.५ आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ च्या अहवालात १.५ हून अधिक फ्लोराइडच्या संपर्काचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध मध्यम विश्वासार्हतेने नोंदवला, ०.७ एवढ्या अल्प प्रमाणाबाबत निष्कर्ष काढण्यास पुरेसा पुरावा नाही, असेही त्यातच म्हटले आहे. अहवालाचा उत्तरार्ध गाळून पूर्वार्ध सांगणारे बरेच भेटतात.

आता आजीबाईंच्या नातवाचा हिशेब मांडू. वजन १५ किलो. आठ वर्षांखालील मुलांना दर किलोमागे रोज सुमारे ०.१ मि.ग्रॅ. ही वरची मर्यादा धरली जाते. म्हणजे त्याला १.५ मि.ग्रॅ. पाण्यात प्रतिलिटर २ मि.ग्रॅ. आहे असे समजू. दिवसाला एक लिटर पाणी प्यायला की २ मि.ग्रॅ. झाले, मर्यादा तेथेच ओलांडली. वरण-भात त्याच पाण्यात शिजतो. चहाचे रोप मातीतील फ्लोराइड पानांत साठवते, आणि आपल्याकडे पाच वर्षांच्या मुलाच्या पुढ्यातही कपबशी असतेच. ब्रशभर, म्हणजे सुमारे एक ग्रॅम, १००० पीपीएमची पेस्ट गिळली तर आणखी १ मि.ग्रॅ. यावर ०.५ ची गोळी कशासाठी?

याच मुलाचा चुलतभाऊ पुण्यात राहतो, महापालिकेचे पाणी आरओ यंत्रातून गाळून पितो, बिस्किटे व चॉकलेटे खातो आणि त्याच्या चार दाढा किडल्या आहेत, असे समजा. त्याला फ्लोराइडची खरी आवश्यकता आहे. परंतु त्यालाही प्रथम दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट, गोडावर नियंत्रण आणि दंतवैद्याकडून वार्निश हाच क्रम योग्य. गोळीचा विचार दंतवैद्याने, पाण्याचा अहवाल पाहून करावा. फ्लोराइड म्हणजे विष, असे सांगून अशा मुलाची पेस्ट बंद करणारे वैद्य मी पाहिले आहेत. माझ्या २००९ च्या चुकीची ती दुसरी बाजू होय.

डाग ओळखणे

दंतवैद्य जवळ नसलेल्या गावी प्रथम दात आपणच पाहतो, म्हणून हे थोडे विस्ताराने. फ्लोराइडचे डाग सममित असतात. उजव्या दातावर जसे, तसेच डाव्या जोडीदारावर. आडव्या पुसट रेघा किंवा ढगाळ पट्टे, दाताच्या कडेकडे अधिक, पृष्ठभाग प्रारंभी गुळगुळीत व चकचकीत. दात उगवताना पांढरे असलेले पट्टे पुढे पिवळे-तपकिरी होतात. तीव्र विकारात खड्डे व टवके. क्षयाचा पांढरा डाग हिरडीलगत किंवा दाढेच्या खाचेत, मळाखाली असतो. दात पुसून कोरडा केला असता तो निस्तेज व खरखरीत दिसतो आणि जोडीदार दातावर तो असेलच असे नाही. एकाच दातावर डाग असेल तर दुधाच्या दाताला पूर्वी मार लागला होता का किंवा तेथे पू झाला होता का, हे विचारावे. चहा, सुपारी, तंबाखू, लोहाची औषधे यांचे डाग वरवरचे असून दंतवैद्याने साफ केल्यास निघतात.

दुधाच्या दातांवर फ्लोराइडचे डाग बहुधा ठळक नसतात. म्हणून चार वर्षांच्या मुलाचे स्वच्छ दात पाहून निश्चिंत होऊ नये. त्याच्या आठ ते बारा वर्षांच्या भावंडांचे, शेजारच्या मुलांचे दात पाहावेत. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तेच आपले पाणीपरीक्षण.

काही लेखांत या विकाराला सरसकट श्यावदंतक म्हटलेले वाचनात येते. सुश्रुताने निदानस्थानात मुखरोग सांगताना रक्तमिश्रित पित्ताने दग्ध होऊन काळसर किंवा निळसर झालेला दात म्हणून त्याचे वर्णन केले आहे. एकेका दाताला मार लागून तो काळा पडतो, त्या अवस्थेशी हे वर्णन मला अधिक जुळणारे वाटते. नाव ग्रंथात शोधण्याच्या भरात हेतू, म्हणजे पाणी, नजरेआड होऊ नये. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र येथे अक्षरशः लागू पडते.

दुकानाच्या गल्ल्यावर

औषध विक्रेत्याकडे लोक चिठ्ठीवाचून पेस्ट व माउथवॉश मागतात, म्हणून त्यांचा शब्द आपल्यापेक्षा अधिक घरांत पोचतो. आपल्या कायद्यानुसार प्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमहून अधिक नसावे आणि प्रमाण वेष्टनावर छापलेले असावे. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीतील ब्रशभर नागमोडी पेस्ट मुलांसाठी नव्हे. फळाच्या चवीची पेस्ट मुले आवडीने गिळतात, हे आईला सांगावे. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या माउथवॉशच्या १० मि.लि. मध्ये सुमारे २.३ मि.ग्रॅ. फ्लोराइड असते आणि आठवड्यातून एकदा वापरण्याच्या ०.२ टक्के द्रावणाच्या तेवढ्याच मापात सुमारे ९ मि.ग्रॅ. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्यास घोटाळा होतो. सहा वर्षांखाली माउथवॉश देऊच नये. दंतवैद्याच्या वापराचे जेल १२,३०० पीपीएमचे आणि वार्निश २२,६०० पीपीएमचे असते. ती घरी देण्याची वस्तू नव्हे.

बाधित गावांतील सहा वर्षांखालील मुलांसाठी, पाण्याची सोय होईपर्यंत, मी फ्लोराइडरहित पेस्ट किंवा दाण्याएवढी पेस्ट आईच्या देखरेखीखाली सुचवतो. मोठी माणसे थुंकतात, त्यांची पेस्ट बदलण्याचे कारण नाही. डागाळलेले दातही किडतात. वृक्काचे रुग्ण मात्र विशेष जपावेत, कारण फ्लोराइड मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडते.

एकाच वेळी दर किलो वजनास ५ मि.ग्रॅ. एवढे फ्लोराइड पोटात गेल्यास ते विषबाधेचे प्रमाण समजून तातडीने हालचाल करावी. ०.५ च्या १२० गोळ्यांच्या बाटलीत ६० मि.ग्रॅ. असतात, १२ किलोच्या बालकास ती एक बाटली पुरे. मळमळ, वांती, पोटशूळ, लाळ सुटणे ही प्रारंभीची लक्षणे. पुढे रक्तातील कॅल्शियम घसरून आचके व हृदयगतीचे विकार संभवतात. लगेच दूध पाजावे, कारण त्यातील कॅल्शियम फ्लोराइड बांधते, आणि रुग्णालयात न्यावे. येथे वमन देण्याचा मोह आवरावा. हेच कारण उलट दिशेने, म्हणजे दंतवैद्याने दिलेली फ्लोराइडची गोळी दुधासोबत घेतल्यास तिचे शोषण घटते.

आपल्या औषधींचे स्थान

चरक-वाग्भटांनी सांगितलेले करंज, खदिर, अर्क, ककुभ इत्यादींचे दंतधावन, तिळतेलाचा गंडूष, इरिमेदादि तैल यांचा उपयोग हिरड्या, मलसंचय व मुखदुर्गंधी यांत आपण रोज पाहतो. मळ कमी झाला की आम्लही कमी होते, एवढा त्यांचा दंतक्षयाशी सरळ संबंध. ती फ्लोराइडला तंतोतंत पर्याय आहेत, असा दावा मात्र पुराव्यावाचून करू नये. आणि पडलेला डाग त्यांनी जातो, असे तर मुळीच सांगू नये. डाग घालवण्याच्या नावाखाली लिंबू, खाण्याचा सोडा व कोळशाची भुकटी घासून दात अधिक झिजवलेले रुग्ण माझ्याकडे येतात.

चिंचेविषयी एक उल्लेखनीय काम झाले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात शालेय मुलांना रोज १० ग्रॅम चिंच १८ दिवस दिली असता मूत्रावाटे फ्लोराइडचे उत्सर्जन वाढले. सार व आमटीत चिंच घालण्याचा सल्ला मी देतो. परंतु चिंच खाऊन तेच पाणी पीत राहणे हा उपाय नव्हे. याउलट, आपल्यालाच जपण्याची एक गोष्ट आहे. २००८-०९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध कार्यक्रमाच्या आहारसल्ल्यात काळा चहा, सुपारी व तंबाखू यांच्यासोबत काळे मीठही टाळण्यास सांगितले जाते. बाधित गावांत सौवर्चल व बिडयुक्त चूर्णे महिनोन्‌महिने देण्यापूर्वी हे स्मरावे. अग्निदीपनासाठी अन्य कल्प आपल्याजवळ पुष्कळ आहेत.

पाणी तपासणे आणि बदलणे

नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा, काचेच्या नव्हे, कारण काचेशी फ्लोराइडची क्रिया होते. हातपंप काही मिनिटे चालवून त्याच पाण्याने बाटली विसळून एक लिटर भरावे. गाव, स्रोत व दिनांक लिहावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत तपासणी होते. ग्रामपंचायतीकडे जुना अहवाल असतो, तोही मागावा. पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रमाण बदलते, म्हणून दोन वेळा तपासणे इष्ट.

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. वाफ उडून राहिलेले पाणी उलट अधिक तीव्र होते. गाळण, तुळस, क्लोरीन यांनीही ते हटत नाही. आरओ यंत्र ते बहुतांशी काढते. सक्रिय अ‍ॅल्युमिनाचे गाळणयंत्र काम देते, पण ठरलेल्या काळाने ते पुनर्भारित केले नाही तर निरुपयोगी ठरते. शाळेच्या ओट्यावर अशी मृत यंत्रे मी पाहिली आहेत. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत, म्हणजे तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर यांचा ठरावीक प्रमाणात वापर, सामूहिक पातळीवर देखरेखीखाली करावयाची आहे. नुसती तुरटी फिरवणे म्हणजे ती पद्धत नव्हे. सर्वांत स्वस्त उपाय बहुधा गावातच असतो. जी उथळ विहीर जंतुदोषामुळे सोडून दिली, ती साफ करून, क्लोरीन टाकून, निदान पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी पुन्हा वापरणे.

आजीबाईंच्या बोअरचा अहवाल तीन आठवड्यांनी आला : प्रतिलिटर २.१ मि.ग्रॅ. मारुतीच्या देवळामागील जुन्या विहिरीचा नमुनाही सोबत पाठवला होता, त्यात ०.४ निघाले. घरात नऊ महिन्यांची नातही आहे, हे मला या वेळी विचारल्यावर कळले. तिच्या पिण्याचे व पेजेचे पाणी आता विहिरीचे असून ते उकळून दिले जाते. दुसरा नमुना मे महिन्यात, विहिरीची पातळी खाली गेल्यावर, घ्यावयाचा आहे.